ड्रायव्हरच्या बाजूचं दार

मामा, कावळा लगेच शिवला. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून आधी तेच सांगते.

ओढ्याच्या कडेला पिंड ठेवला, माणसं मागं सरली न सरली तोच बाभळीवरून एक कावळा उतरला, भातात चोच घातली आणि निघून गेला. भावकीतली माणसं एकमेकांकडं बघून माना डोलवायला लागली. "म्हातारा समाधानी गेला. काय बी अडकलं न्हाई त्याचं." आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, पदरानं डोळे पुसले. संदीपनं, तुमच्या लेकानं, मोठा श्वास सोडला. आणि मी, तुमची सून, त्या बायकांच्या घोळक्यात उभी राहून तुमच्यावर चिडले होते.

कारण मी एक वाक्य तयार करून आले होते. माझा कावळ्यावर विश्वास नाही, तुम्हाला माहीत आहे. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेय, सुप्याच्या कारखान्यात रंगाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. पण मला वाटलं होतं, कावळा नक्की अडणार. संदीप म्हणेल, आईला सांभाळतो. कुणी म्हणेल, बांधाचं भांडण मिटवतो. कावळा हलायचा नाही. मग मी पुढं होईन आणि सगळ्यांच्या देखत सांगेन, "मामा, ड्रायव्हरच्या बाजूचं दार तुम्ही म्हणता तसं सोलते. तुम्ही जिंकलात." भावकी हसली असती. हसू दे. पण तुम्ही माझी पाळीच येऊ दिली नाही. म्हणजे आपला वाद तुमच्या मनात नव्हताच का? दोन वर्षं तुम्ही माझ्याशी जे भांडलात ते काय होतं?

घरी आल्यावर मी गोठ्याकडं गेले नाही. सुतकात हत्याराला हात लावायचा नाही म्हणून आत्याबाईंनी गोठ्याच्या त्या अर्ध्या भागाची कडी लावून घेतली होती, जिथं गाडी उभी आहे. दुसऱ्या अर्ध्यात गाय. पहाटे खर्र, खर्र आवाज यायचा. पट्टीनं रंग खरवडल्यासारखा. मी अंथरुणात बसून ऐकायचे. गाय खुंट्याला मान घासत होती, हे मला कळत होतं. तरी प्रत्येक वेळी मनात पहिलं यायचं ते हेच, की मामा उठले वाटतं.

तुमची अँबॅसिडर घरी आली त्या दिवशी मी नवी सून होते. टेम्पोच्या मागं दोरानं बांधून आणलीत तुम्ही तिला. साखर कारखान्यात आयुष्यभर ज्या गाडीवर ड्रायव्हरकी केली ती भंगारात निघाली, तर उचलून आणली. काचा नाहीत, सीटा उंदरांनी खाल्लेल्या, टपावर बाभळीचा पाला कुजलेला. आत्याबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "माझी सवत कारखान्यावर हुती ती बरी हुती. आता घरात आनली व्हय?" तुम्ही हसला नाहीत. तुम्ही गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे होता, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

मला ती गाडी अजिबात आवडली नव्हती, हे मी तुम्हाला पुष्कळ उशिरा सांगितलं. माझे आईबाप पाथर्डीकडचे, दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. मी पाचटाच्या खोपीत वाढले. आमच्या फडाकडं कधीतरी एक पांढरी गाडी यायची. ती आली की मुकादम पळत सुटायचा, बाया पदर सावरायच्या, आई मला खोपीत ढकलायची. आतला साहेब मला कधी दिसलाच नाही. दिसायचा तो खिडकीतून बाहेर आलेला ड्रायव्हरचा कोपर. धुरळ्यात एक खाकी बाही आणि काळा कोपर. तेवढंच.

मी विचारलं होतं तुम्हाला. "मामा, तो कोपर तुमचा होता का?"

"सगळ्या ड्रायवरांचा कोपर तसलाच असतुया," म्हणालात. आणि पट्टी जोरात चालवायला लागलात. मी पुन्हा विचारलं नाही. आता कुणाला विचारू?

आपण दोघं एकत्र कामाला कसे लागलो, ते आठवलं की अजून हसू येतं. आपल्या घरात सून सासऱ्यासमोर बसत नाही, मोठ्यानं बोलत नाही. तुम्ही गोठ्यात एकटेच पॉलिश पेपर घेऊन वाळलेल्या रंगावर घासत बसायचा, पांढरी धूळ सगळी नाकातोंडात. मी भाकरीसाठी हाक मारायला आले आणि राहवलं नाही. "मामा, असं कोरडं घासू नका. जुन्या रंगात शिसं असतं. ते छातीत जातं."

तुम्ही वर बघितलंत. भुवया पांढऱ्या झालेल्या. "मंग काय करू, बी.एस्सी.?"

तेव्हापासून तेच नाव पडलं. बी.एस्सी. टोमणा म्हणून सुरू झालं. पुढं चार माणसांत "आमची बी.एस्सी. काय म्हनती ते इचारून सांगतो" असं तुम्ही म्हणायला लागलात, तेव्हा मला कळलं की तो टोमणा राहिलेला नाही. माझ्या माहेरात कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. संगमनेरला मावशीकडं राहून, तिच्या घरची धुणीभांडी करून मी शिकले. निकाल लागला तेव्हा बापाला कळेना की आनंद कशाचा करायचा. माझ्या शिक्षणाचा उपयोग एखाद्याला रोजच्या रोज व्हावा आणि त्यानं तो मोठ्यानं सांगावा, हे माझ्या वाट्याला आलं ते तुमच्या गोठ्यात.

मी कामावरून रंग काढायचं जेल कसं लावतात ते शिकून आले. ब्रशनं जाड थर द्यायचा, वर प्लास्टिक टाकायचं, थांबायचं. थांबणं तुम्हाला जमायचं नाही. सारखं प्लास्टिक उचलून बघायचा. "फुगला का गं? फुगला का?" मग रंग भाकरीसारखा फुगायचा आणि पट्टी लावली की सालच्या साल निघायची. पांढऱ्याखाली पांढरा. त्याखाली पुन्हा पांढरा. तुम्ही सांगितलंत की प्रत्येक नवा चेअरमन आला की गाडी रंगवायला लावायचा. आधीच्याच्या रंगात बसायचं नाही म्हणून. "मग दुसरा रंग तरी द्यायचा," मी म्हटलं. "दुसरा कसा दिल? फुडारी म्हनला की पांढराच." आपण दोघं एवढे हसलो की आत्याबाई बाहेर येऊन बघून गेल्या. सगळ्यात खाली, लोखंडाला चिकटून, फिकट आभाळी रंग निघाला. कंपनीतून आलेला. तो तुम्हीही कधी असा सगळा उघडा पाहिला नव्हता. त्याच्याकडं बघत तुम्ही म्हणालात, "हिला पहिल्यांदा कुनी चालिवली आसंल?"

मडगार्डच्या आत साचलेला मळ काढायला रॉकेल आणि तारेचा ब्रश लागला. आपल्याकडं मुरूम, आणि तिथून निघाली ती काळी चिकट माती, उसाच्या फडातली. पाचटाचे तुकडे तिच्यात घट्ट बसलेले. रॉकेलचा वास होता तरी मला त्याखालचा वास आला. खोपीतला. मी ब्रश खाली ठेवून बाहेर जाऊन उभी राहिले. तुम्ही मागून येऊन तुमचा जुना खाकी सदरा माझ्या हातात दिलात. "साडीवरनं घाल. कापड खराब व्हतंय." ते मडगार्ड नंतर तुम्ही एकट्यानं साफ केलंत. सदरा माझ्याकडंच राहिला.

माझा एकच नियम होता, आणि तुम्ही तो पाळलात. जेवढं सोलायचं तेवढ्याला संध्याकाळच्या आत प्रायमर. उघडं लोखंड रात्रभर ठेवायचं नाही, आणि त्याला उघडा हात लावायचा नाही. घामात मीठ असतं. तुम्ही पुटपुटायचा, "लोखंडाला सुदीक इटाळ करतीया ही." पण चिंधी गुंडाळूनच हात लावायचा. रविवारमागून रविवार एकेक पत्रा राखाडी होत गेला. राहिलं फक्त ड्रायव्हरच्या बाजूचं दार.

त्या दारावर, काचेच्या खालच्या कडेला, तुमच्या कोपरानं रंग झिजवला होता. हात ठेवून ठेवून खड्डा पडावा तसं. बाहेरून पांढरा, मग जुना पांढरा, मग आभाळी, आणि मधोमध लोखंड, बोटाएवढं, घासून चकचकीत झालेलं. पाण्यात खडा टाकल्यावर वलयं उठतात तशी ती वलयं. चेअरमन आले, गेले, रंगावर रंग बसले, आणि दर वेळी तुमचा कोपर ते सगळं खाऊन पुन्हा लोखंडापर्यंत पोचला.

मी म्हटलं, हे ठेवू. याच्यावर नुसतं पारदर्शक लॅकर मारू.

तुम्ही म्हणालात, काढायचं.

मी सांगितलं की जगात जुन्या गाड्या जपणारे लोक असे डाग मुद्दाम ठेवतात. तुम्ही म्हणालात, जगाला ठिवू दे. मी म्हटलं, ही गाडीची ओळख आहे. तुम्ही म्हणालात, अर्धा रंग ठेवला तर कडेनं पाणी शिरतं आणि खालून गंज धरतो. ते बरोबर होतं, म्हणून मी आणखी चिडले. दर रविवारी आपण सगळी गाडी फिरून त्या दारापाशी यायचो आणि तिथं अडायचो. एकदा तुम्ही चिडून पट्टी खाली टाकलीत.

"बी.एस्सी., तुला समजत न्हाई. मालकाच्या गाडीला कोपराचा डाग नसतुया. ड्रायवरच्या गाडीला असतुया. मी आता हिचा ड्रायवर न्हाई."

मग शांत होऊन म्हणालात, "रंग झाला का तू चालिव. मी मागं बसनार. काच वर करून बसनार. एकदा बी मागं बसलो न्हाई मी हिच्यात."

मी खाली पडलेली पट्टी उचलून तुमच्या हातात दिली. पण मान्य केलं नाही. मी जी कारणं सांगत होते ती सगळी खरी होती, मामा, पण माझं कारण त्यांत नव्हतं. लहानपणी ज्या कोपराची मला भीती वाटायची, तो मला हवा होता. तो तुमचा नसला तरी. आणि तुम्ही गेल्यावर तुमचं काहीतरी असं राहावं, ज्याला हात लावता येईल. हे सासऱ्याला कसं म्हणायचं? तुमच्या तोंडावर तुमच्या मरणाची गोष्ट? मी लॅकरचं बोलत राहिले.

शेवटच्या संध्याकाळी मी कंपनीच्या बसमधून उतरून आले तेव्हा तुम्ही आंघोळ करून ओट्यावर बसला होता. भुवयांत थोडं पांढरं होतं. मला वाटलं, पत्र्याचे खड्डे बुजवायची लांबी घासत असाल कुठं. तुम्ही विचारलंत, "प्रायमर आनला का?" मी म्हटलं, रविवारी आणते, घाई काय आहे, दार तर अजून तसंच आहे. तुम्ही चहाची बशी तोंडाला लावलीत आणि त्यातून माझ्याकडं बघितलंत. काहीतरी मजेशीर लपवलेल्या माणसासारखं. मी आत स्वयंपाकाला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच सगळं संपलं.

तुम्हाला ओट्यावर ठेवलं होतं तेव्हा मी तुमचे हात बघितले. नखांत पांढरा रंग होता. आंघोळ घालूनही तो निघाला नव्हता. मी ते बघितलं आणि मला त्याचा अर्थ कळला नाही.

तो कळला तेराव्यानंतर. आत्याबाईंनी स्वतः कडी काढली आणि चूल बघायच्या निमित्तानं निघून गेल्या. मी आत गेले. सगळी गाडी राखाडी, आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार पांढरं नव्हतं. ते सोललेलं होतं. वरपासून खालपर्यंत, एकट्यानं, नीट, कडाकोपऱ्यांतून सुद्धा. कोपराचा डाग गेला होता. तिथं बोट फिरवून बघितलं तर नुसतं सपाट लोखंड लागलं. माझ्या गैरहजेरीत, न विचारता, तुम्ही वाद संपवून टाकला होतात. म्हणून कावळा लगेच शिवला.

मी दोन पावलं मागं सरले, आणि मग मला ते दिसलं. दार इतके दिवस उघडं राहिलेलं. थंडीत पत्र्याच्या छपरातून पहाटेचं दव आत ठिबकतं. सगळ्या दारावर पिवळट झाक आली होती. आणि मधोमध, जरा वरच्या अंगाला, गडद लाल पंजा. डाव्या हाताचा. उजव्या हातानं पट्टी चालवताना तुम्ही डावा हात दाराला टेकवला होता. चिंधी न गुंडाळता. मी घरी नव्हते ना. पाच बोटं, तळव्याचा फुगीर भाग, अंगठ्याखालची रेघ. करंगळी बाहेर वाकलेली. गाडी सुरू करायला हँडल मारताना उलटा झटका बसून मोडलेली ती करंगळी.

मला याचं रसायन पाठ आहे. घामातलं मीठ, दवाचं पाणी, हवा, लोखंड. ते मी मनात म्हणून बघितलं. उपयोग झाला नाही. गोठ्यात कुणीतरी होतं.

आत्याबाईंना बोलावलं. गाडी आल्यापासून त्यांनी या अर्ध्या गोठ्यात पाऊल ठेवलं नव्हतं. त्या आल्या, दारासमोर उभ्या राहिल्या. मग आपली करंगळी त्या करंगळीजवळ नेली, लावली नाही.

"आता काय करायचं ह्याचं?" त्यांनी विचारलं.

"घासावं लागतं. असाच ठेवून रंग मारला तर आतून पत्रा खाईल."

"त्यांनी काय केलं आसतं?"

"घासलं असतं."

"मंग घास की."

मी तुमचा खाकी सदरा घातला आणि पेपर घेऊन बसले. बोटांच्या टोकांकडून सुरुवात केली. तळवा शेवटी. आत्याबाई शेजारी उभ्या होत्या. खाली पडलेली लाल धूळ त्यांनी चिमटीत घेऊन बघितली. बोटं लाल झाली. त्यांनी ती लगेच पुसली नाहीत.

दार साफ झालं. प्रायमर आणलेला होता, पण मारायचा राहिला. हात चालेना म्हणून उद्यावर टाकलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पंजा परत आला होता. फिकट, पण तोच. वाकडी करंगळी सुद्धा.

यालाही कारण आहे. मीठ लोखंडाच्या बारीक छिद्रांत शिरून बसतं. वरून घासलं तर वरचा गंज जातो, मीठ राहतं. दव मिळालं की पुन्हा उगवतं. मी पुन्हा घासलं. पुन्हा आला. मी रोज संध्याकाळी दारावर ताडपत्री टाकायला लागले, कडा नीट खोचून. तरी आला. आत्याबाई आता रोज सकाळी चहाचे दोन कप घेऊन गोठ्यात येतात. एक मला, एक त्यांना. चौकटीतूनच विचारतात, "आले का?"

"आले," मी म्हणते.

मग आम्ही दोघी दारासमोर चहा पितो. इतक्या वर्षांत आम्ही एवढा वेळ एकत्र बसलो नव्हतो. परवा त्या म्हणाल्या, "लगीन झालं तवा ह्या हाताची मला लई भीती वाटायची." आणि पुढं काही सांगितलं नाही. मी विचारलं नाही. तुमच्या घरात हे मी शिकले आहे.

हे कायमचं थांबवायचं औषध माझ्याकडं आहे, मामा. प्रयोगशाळेत आम्ही तेच वापरतो. लावायचं, गंज काळा पडतो, मीठ मरतं, धुवायचं, प्रायमर. संपलं. बाटली आणून फळीवर ठेवली आहे. तुम्ही असता तर एव्हाना झाकण उघडून वास घेऊन बघितला असता. आज रविवार, म्हणून सकाळी मी हातमोजे घातले, बाटली उघडली. आत्याबाई कप घेऊन आल्या.

"हे लावलं का मंग न्हाई यायचे?"

"नाही यायचे."

त्यांनी कप खाली ठेवला. गाईकडं बघितलं, छपराकडं बघितलं. "मंग आज ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "पुढच्या ऐतवारी लाव." मागच्या रविवारीही त्या हेच म्हणाल्या होत्या. मी बाटलीचं झाकण लावलं.

औषध मी लावीन, मामा. तुम्ही म्हणालात तसंच दार होईल, सपाट, मालकाच्या गाडीचं. कोपराचा डाग नाही, पंजाचा नाही. रंग आभाळीच द्यायचा, हे मी ठरवलंय, त्यात तुमचं चालायचं नाही. आणि रंग वाळला की मी चालवीन आणि मागं आत्याबाई बसतील. काच वर करून. तुमची जागा त्या घेतील. त्यांना अजून सांगितलेलं नाही. एवढं सगळं ठरलेलं आहे. कधी, ते तेवढं राहिलंय.

संध्याकाळी मी दारावर ताडपत्री टाकते आणि कडा घट्ट खोचते. सकाळी ती काढलेली असते. आत्याबाई वाकळेची घालतात तशी चौपदरी घडी, कडेला कड जुळवून, वर दगड ठेवलेला. मी काही विचारत नाही. घडी उचलून बाजूला ठेवते, आणि बघते, आलात का.